जात पुकारली, त्या पोराच्या मनाचे काय?

कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी दिली. जात पुकारली नाही, तेव्हा दलित मुले सवर्णांच्या बरोबरीने उतरली. सर्वांसमक्ष पुकारताच मागे पडली. म्हणजे उणीव बुद्धीत नव्हती, पुकारण्यात होती. हा पुरावा आम्हांला मोलाचा वाटतो.

पण भर वर्गात जात पुकारली की काय होते, हे आम्ही सोसले आहे. म्हणून आमचे मागणे आहे : संशोधकांनी आईबापांची संमती घ्यावी, मुलाला नंतर सारे समजावून धीर द्यावा, नाव गुप्त ठेवावे.

आयाबहिणींनो, वस्तीत कोणी फॉर्म घेऊन आले तर आधी हेतू विचारा. पटले नाही तर नाही म्हणा. तो आपला हक्क आहे.

जय भीम!