ब्रेक, बजेट आणि पसरणी घाट

तर झालं असं, की मागच्या मे महिन्यात आम्ही पाचगणीहून परत येत होतो. गाडीत आई, बायको आणि लेक. पसरणी घाट उतरताना मी तिसऱ्या गिअरमध्ये निवांत, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबत. खाली वाई दिसायला लागली आणि एका वळणावर ब्रेकचं पेडल स्पंजवर पाय दिल्यासारखं खाली गेलं. गाडी थांबेना! दोन-तीनदा पेडल पंप केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत कडेला घेतली. समोर टपरी होती. "चहा घ्यायचाय का रे?" आईने विचारलं. मी म्हटलं, हो.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड असते. सिस्टिम अडखळली की आधी मोठा सर्व्हर मागवायचा, कोड नंतर बघू. सोमवारी ऑफिसात एक्सेल शीट तयार! पुढे मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, ते मावायला मोठी चाकं... बेरीज ६५ हजार. गाडी २०१२ ची. बायकोने शीट बघितली आणि फक्त भुवया उडवल्या.

शेवटी नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, आधी जुनं तर उघडून बघू."

उघडलं. ब्रेक ऑइल कटिंग चहाच्या रंगाचं. "शेवटचं कधी बदललं होतं?"

"ते बदलायचं असतं?" (हसू नका.)

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. घाटात सतत ब्रेक मारले की ते तापतं, उकळतं, वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल खाली जातं. वर माझे पॅड संपत आलेले आणि डिस्क तिच्यावरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षाही पातळ झालेल्या.

म्हणजे ब्रेक लहान नव्हते. मीच त्यांच्याकडे चार वर्षं बघितलं नव्हतं.

मग कंपनीच्याच मापाच्या दोन नव्या डिस्क, चांगले पॅड, पुढचे रबरी पाइप, डॉट ४ ऑइल, चारही चाकांची एअर काढणं. सगळं मिळून ९ हजार ४००. वाचलेल्या पैशांतून टायर घेतले, कारण शेवटी रस्ता धरतो तो टायरच. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० वर, असं आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता गाडी हळू केली. याने नवे पॅड डिस्कवर नीट बसतात.

दिवाळीत पुन्हा तोच घाट. या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर. पेडल शेवटपर्यंत घट्ट. टपरी मागे गेली तशी आई म्हणाली, "आज चहा नको वाटतं?"

"नको गं."

"बरं झालं. त्या दिवशी तू कप दोन्ही हातांनी धरला होतास."

असो. बॉनेट उघडा आणि आजच ऑइलचा रंग बघा.