खाली दुकान, वर घर

‘सिमसिटी २०००’ हा शहर वसवण्याचा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राच्या कॉम्प्युटरवर. हिरवा रंग राहण्यासाठी, निळा दुकानांसाठी, पिवळा कारखान्यांसाठी. रंग टाकायचा, रस्ता, वीज, पाणी पोचवायचं आणि बघत बसायचं. घरं आपसूक उगवायची. रस्त्यांच्या निधीला जरा कात्री लावली, की वाहतूक सल्लागार अंगावर धावून यायचा.

खेळाचा कर्ता विल राइट याने १९८९च्या मूळ ‘सिमसिटी’साठी जे फॉरेस्टर यांच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ या शहराचं गणिती प्रतिमान मांडणाऱ्या पुस्तकातून बरंच काही उचललं होतं. त्यामुळे शहर म्हणजे एकमेकांत गुंतलेले आकडे. माणूस असा त्यात नव्हताच. रस्त्यावर पळणाऱ्या गाड्यासुद्धा वर्दळ किती, एवढंच दाखवायच्या. सगळे रस्ते उखडून नुसते रूळ टाकले तरी शहर मजेत वाढायचं.

पुढे नोकरी-संसारात खेळ मागे पडला. पुन्हा हाती आला तो २०१५ नंतर, फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर कंपनीचा ‘सिटीज: स्कायलाइन्स’. इथे प्रत्येक रहिवाशाला नाव, घर, वय. मी हौसेने एक मोठी वसाहत एका दमात भरवली. सगळी तरुण मंडळी राहायला आली, बरोबरीने म्हातारी झाली आणि बरोबरीनेच मरू लागली. शववाहिका कोंडीत अडकलेल्या, घराघरावर मृतदेह पडून असल्याची खूण. खेळणारे याला ‘डेथ वेव्ह’ म्हणतात. जुन्या खेळात मरण कुणाच्या दारात दिसत नसे.

हिरव्या-निळ्याची फारकत मात्र इथेही तशीच. घर एकीकडे, बाजार दुसरीकडे, ही अमेरिकी झोनिंगची रीत. मी वाढलो पुण्यातल्या पेठेत: खाली वाण्याचं दुकान, वर आम्ही. शेंगदाणे भाजायला घेतले की जिनाभर वास. साखर संपली तर आई गॅलरीतून पिशवी सोडायची. असा वाडा कुठल्या रंगात बसवायचा?

‘स्कायलाइन्स’चा दुसरा भाग २०२३ साली आला, तेव्हा खाली दुकानं नि वर बिऱ्हाडं असलेला मिश्र झोन मिळाला. जुने खेळ साधे आणि नवे खरे, असं सरसकट म्हणतात. मला वाटतं, ग्राफिक्सपेक्षा या एका झोनने खेळ शहराच्या जास्त जवळ आला. अर्थात, अजून बरंच अंतर आहे. महापौराने, म्हणजे खेळणाऱ्याने, जागा आखून दिल्याशिवाय तिथे कुणी साधी पानटपरीसुद्धा टाकत नाही.