रानवाटा आणि सायकल

सायकल हें सडकेचें वाहन आहे, अशी आपणां सर्वांची समजूत असते. गांवीं डांबरी रस्ता आला, त्याच्या पाठोपाठ सायकल आली, आणि पुढें त्याच रस्त्यानें मोटारसायकल आल्यावर बिचारी सायकल परसांतल्या भिंतीला टेकली. परंतु जेथें डांबर संपतें तेथून पुढें जिचा खरा प्रवास सुरू होतो अशीही एक सायकल आहे. तिच्या पायीं गेलीं कित्येक वर्षें शनिवारची सकाळची शाळा सुटली कीं मी आणि वरच्या वर्गांतील पांचसात मुलें-मुली पन्हाळ्याच्या पश्चिमेकडील रानांत हिंडत असतों. "तेथें जाऊन तुम्ही करतां तरी काय?" असें पालक विचारतात. त्यांच्यासाठीं हे चार शब्द.

ही डोंगरी सायकल मूळची अमेरिकेंतली. कॅलिफोर्नियांतील मरीन परगण्यांत टामलपायस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांनीं जाड, फुगीर टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली गोळा केल्या आणि त्या डोंगरांतील मातीच्या उतारांवरून खालीं सोडण्यास आरंभ केला. १९७६ सालीं त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटें दाबून लागत असे. एका उतारांतच तो इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर होई, आणि खालीं पोंचल्यावर चाक खोलून नवें ग्रीस भरावें लागे. त्या उतारास नांवच पडलें 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हां भरा'. पुढें कारखाने निघाले, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें या खेळास स्थान मिळालें. आमच्या सायकली तितक्या मानकरी नव्हेत. शॉकअपचा चिमटा, रुंद टायर आणि खात्रीचे ब्रेक एवढें असलें कीं आमचें भागतें.

वाट शोधणें हा या छंदाचा अर्धा भाग, आणि माझ्या मतें सरस अर्धा. भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा आमच्याजवळ असतो. त्यांत एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि पायवाटा तुटक रेषेनें दाखविलेल्या असतात. परंतु मोजणीच्या वर्षीं तेथें वाट होती, एवढेंच ती रेषा सांगते. आज आहे कीं नाहीं हें जमिनीलाच विचारावें लागतें.

गुरांची वाट सर्वांत शहाणी. भरल्या पोटाची म्हैस चढ अंगावर घेत नाहीं. ती डोंगराच्या कुशीनें आडवी, जवळजवळ एकाच उंचीवरून पाण्याकडे जाते. म्हणून ती वाट सायकलीस फार मानवते. मात्र ती पाण्यापाशीं संपते, पुढें गांव असेलच असें नाहीं. शेळीच्या वाटेस जाऊं नये. शेळी जेथें सहज चढते तेथें सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मोळीची वाट निराळीच. डोक्यावर आडवी मोळी घेऊन ज्या वाटेनें बायका वर्षानुवर्षें उतरल्या, तिच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या मोळीच्या रुंदीइतक्या मोडलेल्या असतात, आणि सायकलस्वाराचें डोकें तेथून निर्धास्त जातें. आपलें डोकें कोणाच्या मानेनें राखलें, हें मुलांस एकदां दाखवावें लागतें. वणवा पसरूं नये म्हणून वनखातें राखतें ती जाळरेषा. ती रुंद आणि मोकळी असते, पण कोठें पोंचवीत नाहीं. कागदावर आंखलेल्या वस्तूंचा स्वभावच तो.

राखीव वनांत परवानगीवांचून शिरणें हा १९२७ च्या वन कायद्यानें गुन्हा आहे. म्हणून हंगामाच्या आरंभीं वनरक्षकांस भेटून कोठें जावें व कोठें जाऊं नये हें विचारून घेतों. गव्यांचा कळप ज्या अंगास असेल तें अंग ते वगळतात. देवराईंत आम्ही सायकली हातांत धरून, न बोलतां चालतों.

पावसाळ्यांत रान आम्हांस बंद. नोव्हेंबरांत गवत कमरेइतकें असतें, त्यांत धोंडा दिसत नाहीं. खरा हंगाम डिसेंबर आणि जानेवारी. पुढें ऐन, किंजळ यांचा पाला पडून वाट पुन्हां झांकते. येथील जमीन जांभ्याची. त्याचा बारीक खडा उतारावर पसरला म्हणजे छर्‍यांसारखा चाकाखालून निसटतो. अशा ठिकाणीं सीटवरून उठून अंग मागें न्यावें, वळणाच्या आधींच वेग आवरावा, आणि नजर चाकापाशीं न ठेवतां दहाबारा हात पुढें ठेवावी. डोळा ज्या धोंड्यावर खिळला त्याच धोंड्यावर चाक जातें, हा अनुभव प्रत्येकानें एकदां तरी घेतलेला आहे. उतारावर भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबविण्याची शक्ति पुढच्याच ब्रेकांत अधिक, आणि उलथून टाकण्याचीही.

कारवीच्या रानांतली वाट म्हणजे हिरवा बोगदा. कारवी बहुधा सात वर्षांनीं एकदां फुलते, आणि मग सबंध रान एकदम वाळतें. पूर्वीं कुडाच्या भिंतींसाठीं लोक त्या काठ्या तोडून नेत, त्यामुळें वाट आपोआप मोकळी होई. आतां भिंती विटांच्या झाल्या. काठ्या आडव्या पडतात आणि वाट बुजते.

आमच्या नेहमींच्या फेरींत एक धनगरवाडा लागतो. तेथील एका वृद्ध मामांनीं मला ही गोष्ट थोडक्यांत सांगितली. "गुरुजी, ही वाट माझ्या बानं पाडली न्हाई, का आज्यानं न्हाई. म्हसरांनी पाडली. आता म्हसरं चार राहिली. ग्यास आला तवापास्नं बायका मोळीला जात न्हाईत. दोन पावसाळं पाय पडला न्हाई, की घाणेरी वाट गिळती." गॅस आला हें वाईट झालें असें कोण म्हणेल? धुरानें डोळे गेलेल्या बायांस विचारावें. पण घाणेरी मात्र खरोखरच वाट गिळते. तीही आमच्या सायकलीसारखी अमेरिका खंडांतूनच, शोभेचें झुडूप म्हणून इकडे आली.

पन्हाळ्याहून मसाई पठारावरून पांढरपाणी आणि पावनखिंडीकडे जाणारी वाट अद्याप जिवंत आहे. जुलै १६६० मध्यें बाजीप्रभु देशपांडे त्या खिंडींत पडले. त्या आठवणीनें दर जुलईंत शेंकडों माणसें तेथून पायीं जातात. म्हशींच्या वाटेला असा इतिहास नाहीं.

त्या वाड्यावरून खालच्या गांवीं जाणारी वाट दीडएक मैलाची. खालीं शाळा आहे, दवाखाना आहे. गाडीरस्त्यानें जावें तर डोंगराला वळसा पडतो, म्हणून पावसांत आजारी माणसास डोलींत घालून याच वाटेनें उतरवितात. गेल्या श्रावणांत शहरांतले कांहीं हौशी लोक मोटारसायकली घेऊन तीवरून उतरले. पावलाचा ठसा तुटक असतो, पाणी त्यांत थबकतें. चाकाची रेघ अखंड असते, पाणी तींतून धांवतें. भाद्रपद संपेपर्यंत त्या रेघेची गुडघाभर घळ झाली. डोलीवाल्यांनीं पाय कोठें ठेवावा, असें मामा विचारीत होते. रागावून नव्हे, खरेंच विचारीत होते.

आमचीं चाकें हलकीं असलीं तरी चाकेंच. म्हणून तेवढ्या उतारावर सायकल खांद्यावर घ्यावयाची, असा नियम ठरला. "सर, खरी गंमत तर तिथंच आहे," अशी कुरकुर झाली, आणि ती अगदीं खोटीही नव्हती. तेवढा सुरेख उतार त्या सबंध रानांत दुसरा नाहीं. पण नियम राहिला. दिवाळीच्या सुट्टींत वनरक्षकांच्या परवानगीनें मुलांनीं कोयते घेऊन घाणेरी तोडली, आणि घळींत आडवे दगड रचले. दगड कसे बसवावे हें मामांनीं शिकविलें.

मग नवा वाद निघाला. आपला मार्ग मोबाईलवर नोंदवून सर्वांस खुला करण्याची सोय आतां आहे. मीं ती नाकारली. तेव्हां नववींतील एका मुलीनें विचारलें, "पण सर, नोंद केली नाहीं तर मामांच्या मागें या वाटा कोणाला ठाऊक राहणार?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. नोंदविली तर मोटारसायकली येतात, न नोंदविली तर घाणेरी येते. शेवटीं ज्यांची वाट त्यांसच विचारलें. मामा म्हणाले, "लिवून ठेवा की. पर आमास्नी इचारल्याबिगर कुणाला दावू नगा."

त्याप्रमाणें मुलांनीं नकाशाची एक मोठी प्रत हातानें काढली आहे. ती वर्गाच्या कपाटांत असते. तींत चाललेल्या सात वाटा शाईनें काढल्या आहेत आणि ऐकीव दोन पेन्सिलीनें. त्यांपैकीं एक वाट खालच्या ओढ्यापर्यंत लागली आहे. ओढ्यापलीकडे ती कोठें निघते हें सांगणार्‍या आजी सध्यां लेकीकडे गेल्या आहेत, त्या माघांत परततील.