डावी बाजू

आमच्या निळ्या स्विफ्टला चरे पडलेत हे आईने मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना आवाज एकदम खाली आणला. म्हणजे बाबा बाहेरच्या खोलीत असणार. "गेटला घासली जरा. तू येशील तेव्हा बघ. त्यांना काही बोलू नकोस."

पुढच्या शनिवारी मी सांगलीला गेले. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला फोटो पाठवला होता, त्याने न बघताच अख्खं दार रंगवायचा भाव सांगितला. मी म्हटलं, थांब. मी इंजिनिअर आहे. (घरात कुठलीही वस्तू बिघडली की हे वाक्य म्हणायचं, आणि मग यूट्यूब उघडायचं.)

दोन रात्री व्हिडिओ बघून जे कळलं ते असं. गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन जाड. आपल्या डोक्यावरचा केस बहुधा याहून जाड भरेल. हलके चरे या थरातच पडतात. ते पांढरे दिसतात म्हणून आपल्याला वाटतं रंग गेला, पण खाली रंग जागच्या जागी असतो. चऱ्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो, एवढंच. म्हणून आधी पाणी मारून बघायचं. पाणी खाचेत बसलं आणि चरा दिसेनासा झाला, तर तो वरवरचा. मग नख फिरवायचं. नख अडकलं तर तो आपल्या हाताबाहेरचा.

रविवारी सकाळी साडेसहाला पोर्चमध्ये बादल्या मांडल्या. ऊन यायच्या आत काम व्हायला हवं. पत्रा तापला की कंपाउंड लगेच सुकतं आणि फडकं फिरेनासं होतं. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. फडक्यात वाळूचा एक कण राहिला तरी आपण जुने चरे काढता काढता नवे पाडतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं बाबांच्या जुन्या बनियनने कोरडी धूळ झटकायची पद्धत. बॉनेटवर उन्हात जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल नक्षी दिसते, ती त्या बनियनची. खरं तर ते चरे गोल नसतातच, हवे तसे आडवेतिडवे असतात. उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळं दिसतात. हे समजल्यावर मी पाच मिनिटं नुसतं डोकं हलवून वर्तुळं सरकवत बसले होते.

डाव्या बाजूला मोठे असे सहा व्रण होते. त्यातले दोन चरे नव्हतेच, गेटच्या खांबाचा पिवळा रंग गाडीला लागला होता. लॅपटॉपची स्क्रीन पुसायला ठेवलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, निघाला. तीन चरे पाण्याने गायब झाले. एकात नख अडकलं.

कडेच्या रबराला मास्किंग टेप लावला, स्पंजवर चिंचोक्याएवढं रबिंग कंपाउंड घेतलं आणि घासायला लागले. आई चहा घेऊन आली. "काय लावतेस?"

"कंपाउंड."

"कंपाउंडनेच चरे पडले, आणि कंपाउंडनेच काढतेस?"

मला आधी वाटायचं की कंपाउंड चऱ्यात भरून बसतं. तसं नाही. त्यात बारीक खर असते, आणि ती आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणते. म्हणजे चरा जात नाही, त्याच्या भोवतीची उंची जाते. गेलेला थर परत येत नसतो. त्यामुळे ही मजा दरवर्षी करता येत नाही. टूथपेस्टने चरे जातात म्हणतात तेही याच तत्त्वावर, कारण तिच्यातही खर असते. फक्त ती दातांसाठी बनवलेली असते.

हाताने काम फार हळू होतं. दीड-दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, बोटांवर सारखा दाब, पुसायचं, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं, परत घासायचं. एका तुकड्याला वीस मिनिटं. इतका वेळ नाकाजवळ पत्रा असला की दिसायला लागतं. मागच्या दारावरचा चरा जुना होता, त्यात मळ बसला होता. पुढच्या दारावरचा ताजा. एक गुडघ्याच्या उंचीवर, दुचाकीच्या फूटरेस्टच्या वगैरे. ऑफिसात कोड बिघडला की आम्ही गिट ब्लेम लावतो, कुठली ओळ कधी बदलली ते कळतं. तसंच होतं हे. वर्षभरात किमान चार वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी डावीकडे. उजवी बाजू बनियनची नक्षी सोडली तर कोरी.

बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मागच्या वर्षी तपासलं तेव्हापासून त्यांचं एकच उत्तर, "अजून पिकला नाही." पूर्वी पिकायची वाट बघत, हे खरं. आता गरज नसते, उलट फार कडक झाला तर ऑपरेशन अवघड होतं. हे मी सांगून झालं होतं, आईचं सांगून झालं होतं. एका डोळ्याचं चित्र धूसर झालं की अंतराचा अंदाज चुकतो, हे मात्र मी त्या दाराशी उकिडवी बसले होते तेव्हा डोक्यात आलं. आणि तिसरा चरा तोपर्यंत जवळपास गेला होता. म्हणजे मी पुरावा पुसत होते. आई म्हणाली म्हणून, बाबांना वाईट वाटू नये म्हणून, आणि थोडं त्यांच्याशी बोलायला लागू नये म्हणूनसुद्धा.

थांबले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. मग उरलेलं काम पूर्ण केलं, कारण अर्धवट घासलेला पत्रा धुरकट दिसतो. पॉलिश, वर मेणाचा एक हात. नख अडकणारा चरा तसाच ठेवला. तो घासून गेला नसताच. पुढच्या दारावर, हँडलच्या खाली, बोटभर लांब.

बाबा पेपर ठेवून बाहेर आले. गाडीभोवती फेरी मारली, डाव्या दारासमोर थांबले. आता ऊन थेट दारावर आलं होतं. कंबरेत वाकून त्यांनी नीट पाहिलं.

"वा. एकसुद्धा राहिला नाही की गं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाबांचा हात धरला, अंगठ्याचं नख त्या चऱ्यावर ठेवलं आणि हळूच ओढलं. टक्, असं अडकलं.

ते काही बोलले नाहीत. परत एकदा स्वतःहून ओढून पाहिलं. मग म्हणाले, "हा कधीचा?"

"माहीत नाही, बाबा. तुम्हालाच माहीत असणार."

"नाही," ते म्हणाले. "मला कुठलाच माहीत नाही."

मंगळवारी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेळ मिळाली. मी पुण्याला कळवलं की आठवडाभर घरूनच काम करते. निघताना किल्ली नेहमीच्या खुंटीवर नव्हती. बाबांनी ती माझ्या चपलांशेजारी ठेवली होती. गेटमधून गाडी काढताना मी खांबाकडे बघत होते आणि ते डावीकडच्या सीटवरून, काच खाली करून, हात बाहेर काढून सांगत होते, "येऊ दे, येऊ दे. अजून वीतभर आहे."

वीतभर नव्हतं. चांगलं दोन हात होतं.