बोट पाण्यात कधीच मोडली नाही

बोयाला वळसा घालताना दोन बोटी एकमेकींवर चढल्या की काठावरचे सगळे हळहळतात. खरं तर त्या टकरीत फारसं काही बिघडत नाही. चार-चार किलोच्या बोटी, वेग माणसाच्या चालण्याइतका आणि नाकाला नियमानेच लावलेला मऊ रबरी बंपर. एखादा चरा पडतो, तो पुसायचा आणि पुढच्या फेरीला उभं राहायचं. माझ्या बोटीचं जे काही मोठं नुकसान झालं ते सगळं जमिनीवर झालं. कधी गाडीत, कधी हॉटेलच्या खोलीत, कधी विमानतळावर. आणि बांधाबांध करणारा प्रत्येक वेळी मीच होतो, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी हाताशी नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोट पाण्यात असते, आपण रिमोट घेऊन काठावर. बोटीला ढकलणारी मोटर नसते. एक सर्व्हो सुकाणू फिरवतो, एक विंच शिडांच्या दोऱ्या ओढतो किंवा सोडतो, बाकी सगळा कारभार वाऱ्याचा. माझी बोट ‘इंटरनॅशनल वन मीटर’ या वर्गातली. आम्ही तिला आयओएम म्हणतो. १९८८ साली सुरू झालेल्या या वर्गाचे नियम कडक आहेत. हलची, म्हणजे बोटीच्या सांगाड्याची, लांबी एक मीटरपेक्षा जास्त नको, बोटीचं वजन ४००० ग्रॅमपेक्षा कमी नको. त्यातले २२०० ते २५०० ग्रॅम फिन, म्हणजे तळाचं उभं पातं, आणि तिच्या टोकाचा शिशाचा बल्ब मिळून असतात. डोलकाठी, बूम आणि दोन शिडं मिळून होतो एक रिग. असे तीन रिग बाळगता येतात. हलक्या वाऱ्याला मोठा ए, वारा वाढला की बी, आणि अंगावरचं जाकीट फडफडायला लागलं की सी.

बर्मिंगहॅममध्ये राहायला आल्यावर काही वर्षांनी मी ब्रॅड गिब्सन यांच्या आराखड्यावर बांधलेली एक जुनी ‘ब्रिटपॉप’ घेतली. वन मीटर म्हणजे एक मीटर, आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये आरामात मावेल, असा माझा हिशेब होता. नावातला मीटर फक्त हलचा आहे आणि ए रिगचं मोठं शीडच सोळाशे मिलिमीटर उंच असतं, हे पैसे दिल्यावर कळलं. डोलकाठी त्याहून उंच. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून आम्ही ती काठी मागच्या दारातून पुढच्या काचेपर्यंत तिरकी घातली. बायकोने एकच प्रश्न विचारला, “मग मी कुठे बसू?” ती मागे बसली, डोलकाठी पुढे.

घराजवळच्या तळ्यावर जायचं तेव्हा हे चालून गेलं. चुकांना खरी सुरुवात झाली ती फ्लीटवूडला जायला लागल्यावर. लँकेशायरच्या किनाऱ्यावर ब्लॅकपूलच्या वर हे गाव आहे. तिथे समुद्राला लागूनच मॉडेल बोटींसाठी बांधलेला लांबलचक तलाव आहे. आमच्याकडून एम ६ धरायचा, प्रेस्टनला एम ५५ वर वळायचं. सव्वाशे मैलांच्या पुढेमागे अंतर. मी हलसाठी आतून फोम लावलेली महागडी बॅग घेतली होती. हल त्यात तान्ह्या बाळासारखी निजवली. रिगसाठी मात्र जागा कमी पडली. हवामानाचा अंदाज दहा-बारा नॉट्सचा होता, म्हणून बी आणि सी घरीच ठेवले आणि एकटा ए घेऊन निघालो.

आयरिश समुद्रावरून येणारा वारा आपल्या फोनमधला अंदाज वाचून येत नाही. पहिल्या दोन शर्यती बऱ्या गेल्या. अकराच्या सुमाराला वारा चढला आणि एकेक जण खाली बसून रिग बदलायला लागला. मी ए वरच उतरलो. वाऱ्याबरोबर पळताना बोटीने नाक पाण्यात खुपसलं, शेपूट वर केली आणि सुकाणू हवेत गेल्यामुळे कुठेही भरकटली. हे तीन-चारदा झाल्यावर मी बोट बाहेर काढली आणि उरलेला दिवस इतरांच्या बोटी पाण्यात सोडायला मदत करत काढला. आमच्या क्लबातले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, “हल घरी ठेवून तिन्ही रिग आणले असते तरी फरक पडला नसता.” मला ते लागलं, पण मुद्दा बरोबर होता. महाग होती म्हणून मी हल सांभाळली. शर्यत ज्यावर ठरते ते रिग मात्र जागा उरली तर न्यायचे, अशी माझी समजूत होती.

परतीच्या वाटेवर तिचा आणखी एक दाखला मिळाला. पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मी मारला. सीटवर सैल ठेवलेली डोलकाठी पुढे सरकून डॅशबोर्डवर आदळली. वरून काही दिसलं नाही. या वर्गात कार्बनच्या डोलकाठीला परवानगी नाही, त्यामुळे ती ॲल्युमिनियमची, बोटाएवढी जाड नळी असते. ती सरळसोट ठेवत नाहीत. मोठ्या शिडाच्या पुढच्या कडेला जो बाक दिलेला असतो त्याला जुळेल असा हलका बाक हाताने काठीला द्यावा लागतो. तो बाक तसूभर बदलला तरी शिडाचा पोट-फुगवटा बदलतो आणि बोट वाऱ्यावर चढायला कुरकुरते. पुढचे कित्येक रविवार मी शिडांना, दोऱ्यांना आणि स्वतःच्या हाताला दोष देत होतो. शेवटी एकाने ती काठी टेबलावर ठेवून हळूच फिरवून दाखवली. एका बाजूला सुंदर बाक होता, आणि मधोमध भलत्याच दिशेला एक पोचा.

यातून मी शहाणा झालो असं वाटत असेल तर पुढचं ऐका. क्रोएशियात एका खुल्या स्पर्धेला जायचं ठरलं. आयओएमवाल्यांना त्या किनाऱ्याचं आकर्षण असतंच. २००१ ची जागतिक स्पर्धा क्र्क बेटावरच्या ओमिशाल्यला झाली होती, २०२२ ची रियेकाला. मी झाग्रेबपर्यंत विमानाने आणि तिथून भाड्याच्या गाडीने रियेकाकडे जायचं ठरवलं. विमानात लांब सामान न्यायची खटपट अनेकांनी करून झालेली आहे. बरेच जण स्कीची लांब बॅग वापरतात, कारण खेळाचं सामान म्हणून ती स्वीकारली जाते. मला ते गुळमुळीत वाटलं. मी दुकानातून ११० मिलिमीटरचा सांडपाण्याचा जाड प्लास्टिक पाइप आणला, दोन्ही टोकांना झाकणं बसवली. वर उभं राहिलं तरी काही होणार नाही असं भक्कम काम. मी उभा राहूनही पाहिलं.

पण ए रिगच्या मोठ्या शिडाची खालची कड साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास असते. ती ११० च्या पाइपात उभी कशी जाणार? म्हणजे शीड काठीवरून सोडवायचं, गुंडाळायचं, बूम वेगळे करायचे, तारा काढायच्या. तिन्ही रिगचं. मी तेही केलं, आणि अभिमानाने केलं. कुठली तार किती ताणलेली होती, पुढच्या तारेची लांबी किती, काठी मागे किती कललेली, यातलं काहीही लिहून ठेवलं नाही. डोक्यात आहे, असं म्हणालो.

रात्री अकराला हॉटेलच्या पलंगावर डोक्यात काहीही नव्हतं. मोठं शीड काठीला बांधायला पुढच्या कडेने ओळीने बारीक दोऱ्यांचे फास असतात. एकेक फास ओवायचा, गाठ मारायची, टोकाला सुपरग्लूचा थेंब द्यायचा. गाठ घट्ट झाली तर शीड मोकळं फिरत नाही, सैल झाली तर कड लोंबते. शिडाचं कापड म्हणजे पातळ पॉलिएस्टर फिल्म. गुंडाळताना त्यावर एक तिरकी घडी पडली होती. ती मी बोटाने दाबली, कोमट टॉवेलखाली ठेवली, पण अशी घडी गेली म्हणून जात नाही. पहाटे कधीतरी ए रिग उभा राहिला. बी अर्धवट राहिला.

हे पुरेसं नव्हतं म्हणून हलची पेटी होतीच. फिन आणि बल्ब काढून मी हलच्या शेजारी फोममध्ये खोचले होते. एक्स-रेच्या पडद्यावर शिशाचा दोन किलोंहून जड लांबट गोळा दिसला की तपासणाऱ्याने पेटी उघडायचीच. त्यांनी ती उघडली आणि बंद केली. कुठली वस्तू कुठल्या खाचेत बसते हे त्यांना कळावं अशी एकही खूण मी आत ठेवली नव्हती. त्यांनी बल्ब हलच्या वर ठेवला. डेकला एक केसाएवढी चीर गेली, तिच्यातून दर फेरीला थोडं पाणी आत यायला लागलं.

त्याच पेटीत मी रिसीव्हरच्या जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या टाकल्या होत्या. त्या काढून घेतल्या गेल्या, आणि ते योग्यच होतं. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून त्या हातातल्या सामानात न्यायच्या असतात, आणि शंभर वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगीही लागत नाही. माझी बॅटरी ७.४ व्होल्टची, १३०० मिलीअँपिअर-अवरची. गुणाकार केला की साडेनऊ-दहा वॉट-अवर होतात. खिशात घालून नेली असती तरी चाललं असतं. बोटीतली एकुलती एक बॅटरीही प्रवासात संपली होती, कारण मी फक्त स्विच बंद केला होता, वायर काढली नव्हती. पेटी हाताळताना स्विच सरकला, विंच आपला आतल्या आत फिरत राहिला आणि त्याने ड्रमवरची दोरी सोडून तिचा गुंता करून ठेवला.

स्पर्धेच्या ठिकाणी शेजारच्या टेबलावरच्या क्रोएशियन माणसाने एक बॅटरी देऊ केली. ती माझ्या बॅटरीपेक्षा लहान होती. मापनाच्या वेळी बोट काट्यावर ठेवली तर चार किलोला थोडी कमी भरली. शर्यत सुरू व्हायला वेळ कमी, बी रिग अर्धा, आणि मी हलच्या आत शिशाचे तुकडे चिकटवत बसलेलो. बॅटरी वेगळी म्हणजे वजन वेगळं, एवढं साधं गणित मला त्या काट्याने शिकवलं. दुपारी ईशान्येकडून बुरा नावाचा तिथला वारा सुटला. तो कुणी तयार होण्याची वाट पाहत नाही. माझा नंबर सांगण्यासारखा आला नाही.

त्याच माणसाच्या टेबलावर त्याचे तिन्ही रिग एका चपट्या प्लायवुडच्या पेटीत शिडांसकट, जसेच्या तसे आडवे ठेवलेले होते. काठ्यांवर रंगीत पट्ट्या, पट्ट्यांवर आकडे. पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलेला होता, सगळं सामान जागच्या जागी असलेला. पेटी उघडणाऱ्या कुणालाही भाषा न येता परत बंद करता येईल. मी त्याला विचारलं, “हे सुचलं कसं?” तो हसून म्हणाला, “दोन डोलकाठ्या मोडल्यावर.”

आता मी आधी रिग भरतो, मग उरलेल्या जागेत हल. महागडी फोमची बॅग विकून टाकली. रस्त्याने जाताना कापडी रिग बॅग मला पुरेशी वाटते, फक्त ती पट्ट्याने बांधलेली हवी. विमानाला मात्र कडक पेटीच लागते. स्कीच्या मऊ बॅगेत नेणारे भेटतात, त्यांचं नशीब चांगलं आहे. मोजमापाचं प्रमाणपत्र आणि तारांच्या आकड्यांची वही हातातल्या पिशवीत असते. बल्ब वेगळ्या पिशवीत, वर मोठ्या अक्षरांत ‘शिसं, मॉडेल बोटीचं वजन’. हे सगळं करूनही गेल्या वर्षी मी सुकाणूचा स्क्रू घरी विसरलो. ते सोडा.

ज्यांना आयओएम घ्यायची आहे त्यांना एकच विनंती. बोट बघायला जाण्याआधी मोजपट्टी घेऊन आपल्या गाडीत शिरा आणि मागच्या दाराच्या कोपऱ्यापासून समोरच्या डॅशबोर्डपर्यंत तिरकं माप घ्या. एक मीटर नव्वद भरलं, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला मागे बसायला हरकत नसेल, तरच पुढचं बोला. नसेल तर ६५० मिलिमीटरची ड्रॅगनफोर्स ६५ घ्या. तिच्याही शर्यती होतात, आणि माझ्या ओळखीतले त्या बोटीवाले माझ्यापेक्षा लवकर झोपतात.