सही कोणाची?

नगर शहरातील मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक दृश्य वारंवार दिसते. बाकड्यावर बसलेल्या थोरल्या मुलापुढे छापील कागद धरला जातो आणि तो न वाचता सही करतो. कृत्रिम श्वासयंत्र लावावयाचे आहे, एवढेच त्याला कळलेले असते. आत निजलेल्या मातेने आयुष्यभर चौविहार पाळलेला असतो, वर्षीतप केलेले असते आणि शुद्धीत असताना ‘मला नळ्या लावू नका’ असे सुनेला अनेकदा सांगितलेले असते. त्या सांगण्याचा कागद मात्र कोठेच नसतो.

कायद्याच्या दृष्टीने पहिला अधिकार रुग्णाचा. समीरा कोहली खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. दिल्लीतील या रुग्णाला तपासणीसाठी भूल दिली असता डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढून टाकले होते. रुग्ण सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. अशा स्थितीत आईची संमती रुग्णाच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असा तो निर्णय आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आजाराचे नावसुद्धा न सांगता मुलेच सारे ठरवतात, ते प्रेमापोटी असले तरी या निर्णयाशी जुळणारे नाही.

पण रुग्ण शुद्धीवर येणारच नसेल तर? हा प्रश्न देशापुढे आणला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांनी, स्वतः एक शब्दही न बोलता. नोव्हेंबर १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणास खिळून होत्या. त्यांच्याच प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबविण्याची वाट प्रथम किलकिली केली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मृत्यू हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती. एवढा खटाटोप सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट गेली.

आता सज्ञान आणि सुबुद्ध व्यक्तीने दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करावयाचा. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय कोणी कळवावा, त्या नातेवाइकांची नावे त्यात असतात. प्रत त्यांच्याकडे, घरच्या डॉक्टरांकडे आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची. मन बदलले तर कागद केव्हाही रद्द करता येतो. मुदत ठेवीवर वारसाचे नाव लागले की नाही हे विचारण्यासाठी बँकेत चार खेपा घालणारी माणसे या कागदाबाबत निश्चिंत असतात, याचे नवल वाटते. नामनिर्देशित व्यक्ती पैशाची मालक होत नाही, केवळ विश्वस्त असते, हे खातेदारांना समजावताना बँकांच्या काउंटरवर पिढ्या खर्ची पडल्या. येथेही तसेच आहे. मुलाने आपले मत द्यावयाचे नसून आईचे पोहोचवावयाचे असते.

कागद असला म्हणून कोणी उठून यंत्र बंद करीत नाही. उपचार करणारे डॉक्टर व किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे मंडळ आधी तपासते. नंतर दुसरे मंडळ पुन्हा पाहते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचविलेला डॉक्टर असतो. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने म्हटले आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांना केवळ कळवावयाचे असते. वेदनाशमन आणि शुश्रूषा चालूच राहते. इंजेक्शन देऊन प्राण घेणे पूर्वीप्रमाणेच गुन्हा आहे.

आपल्या समाजात येथे एक गल्लत होते. ‘म्हणजे हा संथाऱ्याचाच कागद’ असे पुष्कळांना वाटते. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथाऱ्याला आत्महत्येच्या पंक्तीत बसविले, २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, ही आठवण ताजी असल्याने तसे होत असावे. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. संथारा जागृतीत घ्यावयाचा असतो; गुरूंची आणि घरच्यांची आज्ञा मागून, सर्वांना क्षमापना करून. तत्त्वार्थसूत्राने जगण्याच्या आसक्तीबरोबर मरणाच्या इच्छेलाही त्यातील अतिचार म्हटले आहे. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ती दृष्टी मंदावल्यामुळे, जीवरक्षा करीत चालणे अशक्य होऊ लागले म्हणून. वैद्यकीय इच्छापत्राचे काम मात्र शुद्ध हरपल्यावर सुरू होते. ते व्रत नव्हे आणि त्याने पच्चक्खाणही होत नाही. ते फक्त लादलेला उपचार नाकारते. शुद्धीत असलेल्या रुग्णाला तर तेवढ्यासाठी कागदही नको. त्याचा स्पष्ट नकार पुरेसा असतो.

उपचारांना विन्मुख व्हावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या नावाने याच नगरमध्ये रुग्णालय उभारणाऱ्या समाजाला वैद्यकाचे मोल सांगावे लागत नाही. बरे होण्याची आशा असेल तेथे श्वासयंत्रही लावावे, शस्त्रक्रियाही करावी. प्रश्न आहे तो आशा संपल्यानंतरच्या दिवसांचा, आणि ते कोणाच्या शब्दावर जावेत याचा.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर पुण्या-मुंबईची मुलेही घरी असतात. तेव्हा आईला किंवा वडिलांना समोर बसवून विचारावे आणि ते सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्यावे. अखेरच्या क्षणी नवकार ऐकविण्यासाठी घरचे एक माणूस जवळ असावे, हेही त्यात लिहावयास हरकत नाही.