क्वांटमचं शिक्षण आणि आमचं घर

आमच्या समाजात मुलांना पुढं काय शिकवायचं याची एक मळलेली वाट आहे. आयटीआय, डी.एड., फार्मसी, जमलंच तर इंजिनिअरिंग आणि मग आखातातली नोकरी. मुलगी असेल तर बी.एड. ही वाट वाईट नाही. आम्ही दोघं नवरा-बायको तिच्यावरूनच चालत आलो आणि सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळांत शिक्षक झालो. पण आमच्या धाकट्या लेकीनं इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतल्यावर क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा ही वाट एकदम संपली.

सच्चर समितीचा २००६ सालचा अहवाल आम्ही पूर्वी वाचला होता. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गात ५० विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान, असं त्यात म्हटलं होतं. तो आकडा आम्ही भाषणांतही वापरला. पन्नासात एक असणं म्हणजे नेमकं काय, हे मात्र आता कळलं. सगळ्या गोतावळ्यात सल्ला विचारायला जावं असं एकही घर नव्हतं. जलशांमधून आपण अल्-ख्वारिझ्मीचं नाव घेतो, 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्या नावावरून आला म्हणून मान ताठ करतो. खरंच आहे ते. पण नवव्या शतकातला अभिमान प्रवेश अर्ज भरायच्या कामी येत नाही.

म्हणून आधी विषय समजून घ्यायचं ठरवलं. लेक शिकवणार, आम्ही विद्यार्थी. साध्या संगणकाचा बिट शून्य असतो किंवा एक. क्वांटम बिट म्हणजे क्युबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, मोजायला गेलं की मात्र एकच उत्तर हाती येतं. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की असं पुरेसं मोठं यंत्र बनलं तर प्रचंड संख्यांचे अवयव ते झपाट्यानं पाडेल, आणि बँकांचे व्यवहार ज्या गुप्तलिपीवर चालतात तिच्यातल्या काही पद्धती मोडतील. पण ते यंत्र बनवणंच अवघड. गूगलनं २०१९ साली गाजवलेल्या यंत्रात ५३ क्युबिट होते. असे क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही हजाराव्या भागाइतक्या थंडीत ठेवावे लागतात, तरीही चुका होतात. त्या चुका सुधारणं हेच आज मोठं काम आहे. "अब्बा, हे यंत्र अजून पूर्ण झालेलं नाही, म्हणून तर जायचंय," ती म्हणाली. हे आम्हाला पटलं.

मग एका परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडे गेलो. त्यानं ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.एस्सी.चं माहितीपत्रक पुढं केलं आणि घर तारण ठेवून कर्ज काढा म्हणाला. अभ्यासक्रमात काय शिकवतात, हे विचारलं तर त्याला सांगता येईना. घरी आमची अम्मी ऐकत होती. ती म्हणाली, "घर गिरवी रख के, ब्याज भर के पढती क्या?" व्याजाचा प्रश्न आमच्या घरात नुसता हिशेबाचा नाही, मनाला लागणारा आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. पीएच.डी. करणाऱ्यांना आधार देणारी मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी थांबवली गेली. म्हणजे आधीच अरुंद असलेली दारं आणखी लोटली गेली.

तेव्हा आम्ही एक वही केली आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला पाच प्रश्न लावले. पहिला, क्वांटमच्या कोणत्या अंगाचं शिक्षण? गणित आणि अल्गोरिदम एका बाजूला, यंत्र घडवणं दुसऱ्या बाजूला. लेकीचा कल यंत्राकडे. दुसरा, प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं काम करायला किती महिने मिळतात? तिसरा, शिकवणारे स्वतः या विषयात संशोधन करतात का? त्यांचे शोधनिबंध इंटरनेटवर सापडतात, ते पाहायला पैसे लागत नाहीत. चौथा, खर्च कोण करणार? आणि पाचवा, अम्मीचा प्रश्न: हे यंत्र कधी चाललंच नाही तर पोरीच्या हातात काय उरतं?

या चाळणीतून पुष्कळ काही गळलं. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि कॅनडामधलं वॉटर्लू ही या विषयाची मोठी ठाणी. पण डेल्फ्टला युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याला एम.एस्सी.ची फी कितीतरी पट भरावी लागते, तिथं पीएच.डी. मात्र पगाराची नोकरी असते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, तरी वर्षाच्या खर्चापोटी सुमारे १२ हजार युरो आधी खात्यात दाखवावे लागतात. अमेरिकेत पीएच.डी.ला साधारणतः फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं, नुसत्या एम.एस.चा खर्च बहुधा घरचाच. म्हणजे परदेश गाठायचाच तर तो पीएच.डी.साठी, कर्जाशिवाय.

इकडे देशातही चित्र बदललं आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२१ पासून क्वांटम टेक्नॉलॉजीचं दोन वर्षांचं एम.टेक. आहे. 'गेट' देऊन आलेल्या एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. तुटपुंजं आहे, पण व्याजाचं नाही. आणि अम्मीच्या प्रश्नाला उत्तरही मिळालं: अतिशीत उपकरणं, सूक्ष्मलहरींची इलेक्ट्रॉनिक्स, अचूक मोजमाप हे हातात राहतं. ते क्वांटमखेरीजही लागतं.

नातेवाइकांचं म्हणणं निराळं होतं. दोन चांगले पैगाम आले होते, ते हातचे जातील असं खालानं बजावलं. तिची काळजी खोटी नव्हती. आम्ही एवढंच म्हणालो, की पैगाम पुन्हा येतील, गेटचे गुण तीन वर्षांनी बाद होतात. लेकीनं बंगळुरू निवडलं. निर्णय तिचा, वही आमची. पीएच.डी.चा विचार दोन वर्षांनी, तेव्हाचे गुण आणि तेव्हाची दारं पाहून.

वही मात्र आता आमच्याकडे नाही. मोहल्ल्यातल्या एका मुलाला बायोटेक्नॉलॉजीत पुढं जायचंय, तो ती घेऊन गेला. विषय वेगळा आहे, प्रश्न तेच पाच.